सॉफ्टबॉलमधील पिचिंग : पद्धती, तंत्र आणि खांद्यावरील भार

शालेय क्रीडास्पर्धांच्या दिवसांत जिल्ह्याच्या मैदानावर सॉफ्टबॉलचे सामने पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या एक गोष्ट सहज ध्यानात आली असेल. बहुतेक शाळांच्या मुलींच्या संघात चेंडू टाकणारी खेळाडू, म्हणजे पिचर, एकच असते. सकाळच्या सामन्यात ती, दुपारच्या सामन्यात ती आणि संघ जिंकत गेला तर दिवस मावळताना होणाऱ्या अंतिम सामन्यातही तीच. क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. सॉफ्टबॉलमध्ये तसे बंधन नाही; सातही डाव एकाच खेळाडूने चेंडू टाकले तरी नियमाला ते मान्य आहे. याविषयी क्रीडाशिक्षकांना विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : "हात खालून फिरतो, त्यामुळे खांद्याला त्रास होण्याचे कारण नाही." ही समजूत केवळ आपल्याकडची आहे असे नव्हे. ज्या अमेरिकेत हा खेळ जन्माला आला, तेथेही ती दीर्घकाळ रूढ होती. परंतु ती खरी नाही, आणि तिची किंमत तेराचौदा वर्षांच्या मुलींना मोजावी लागते. पिचिंगचे तंत्र नेमके काय आहे आणि त्यात खांद्यावर भार कोठे पडतो, हे शिक्षकांनी व स्पर्धांची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

खेळाची ओळख

१८८७ साली नोव्हेंबर महिन्यात शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि काठीच्या साहाय्याने बंदिस्त जागेत बेसबॉलसारखा एक खेळ मांडला. सॉफ्टबॉलचा आरंभ तो हाच. 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र १९२६ मध्ये मिळाले. आजचा चेंडू नावाप्रमाणे मऊ मुळीच नाही, हे ज्याच्या नडगीवर तो एकदा बसला आहे त्याला निराळे सांगावयास नको. भारतात १९६१ मध्ये जोधपूर येथे या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. आपल्या राज्यात शालेय स्पर्धांमध्ये मुले व मुली दोघांसाठीही हा खेळ आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांचे सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळात चार वेळा खेळले गेले, नंतर वगळले गेले, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत परत आले, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत पुन्हा नव्हते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी त्याचा पुन्हा समावेश झालेला आहे.

या खेळात बॅटरसमोर चेंडू टाकण्याची कृती खालूनच व्हावी लागते. चेंडू हातातून सुटताना हात कमरेखाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून अधिक दूर जाता कामा नये. पिचरने ज्या पट्टीवर उभे राहावयाचे ती पिचर प्लेट ६१ सेंटिमीटर लांब व सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असते. दोन्ही हात चेंडूपाशी एकत्र आणून क्षणभर स्तब्ध राहणे आणि मग एकच पाऊल पुढे टाकून चेंडू सोडणे, असा हा क्रम आहे. ते पाऊल पट्टीच्या लांबीच्या मर्यादेतच पडावे लागते. पाय पट्टीवरून उचलून पुढे टेकावयाचा आणि तेथून दुसरा जोर घ्यावयाचा, ही युक्ती नियमबाह्य आहे. दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असण्याबाबत अलीकडे काही नियमपुस्तकांनी सवलत दिली असल्यामुळे शिक्षकांनी चालू वर्षाचे नियमपुस्तक पाहूनच शिकवावे.

महिलांच्या सामन्यात पिचर प्लेटपासून होमप्लेटपर्यंतचे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. अमेरिकेत १० वर्षांखालील मुलींसाठी ते ३५ फूट ठेवून चेंडूही ११ इंच परिघाचा, म्हणजे थोडा लहान घेतात. १२ वर्षांखालील मुलींसाठी ४० फूट आणि त्यानंतर ४३ फूट. सहावी-सातवीतील मुलीला पहिल्याच दिवशी पूर्ण अंतरावर उभी करून "टाक" म्हणणे म्हणजे अक्षर गिरवण्यापूर्वी निबंध लिहावयास सांगण्यासारखे आहे.

तीन पद्धती

चेंडू टाकण्याच्या तीन पद्धती प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एकीत हात शरीरामागे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला जात असे. ती आता जवळजवळ लुप्त झाली आहे. दुसरी स्लिंगशॉट. हिच्यात हात पूर्ण वर्तुळ करीत नाही. तो मागे, वर, जितका जाईल तितका नेला जातो आणि त्याच मार्गाने झपाट्याने खाली आणून चेंडू सोडला जातो. हालचाल थोडी, त्यामुळे चूकही थोडी, आणि नवशिक्या मुलीला नेम लवकर साधतो. या पद्धतीला कमी लेखण्याचे कारण नाही. अमेरिकेची विख्यात पिचर जोन जॉइस ही स्लिंगशॉट पद्धतीनेच चेंडू टाकी, आणि १९६१ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात बेसबॉलमधील थोर फलंदाज टेड विल्यम्स याला तिने निष्प्रभ केले होते.

तिसरी आणि आज सर्वत्र प्रचलित असलेली पद्धत विंडमिल, म्हणजे पवनचक्कीची. तिच्यात हात समोरून वर, वरून मागे आणि मागून खाली असे पूर्ण वर्तुळ घेतो. ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस गोफण फिरवतो ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पद्धतीचे मर्म समजण्यास अडचण पडणार नाही. वर्तुळाचा मार्ग लांब असल्यामुळे वेग वाढविण्यास अवधी मिळतो. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. गोफणीला कितीही फेरे देता येतात आणि तिचा ताण दोरीवर असतो. पिचरला दीडपेक्षा अधिक फेरे घेण्याची मुभा नाही आणि तेथे दोरीच्या जागी तिचा स्वतःचा हात असतो. हा भेद पुढे पुन्हा विचारात घ्यावयाचा आहे.

विंडमिलचे तंत्र

उजव्या हाताने टाकणारी मुलगी असेल तर शिक्षकाने तिसऱ्या बेसच्या बाजूस उभे राहून तिच्याकडे पाहावे आणि तिच्या खांद्यावर घड्याळाची तबकडी कल्पावी. होमप्लेट शिक्षकाच्या उजव्या हाताला येईल. हात ६ च्या अंकापासून निघतो, समोर ३ वर येतो, डोक्यावर १२ वर जातो, मागे ९ वर उतरतो आणि पुन्हा ६ वर येऊन चेंडू सुटतो. म्हणजे काटा उलटा फिरतो. या तबकडीमुळे शिक्षक व विद्यार्थिनी यांच्यात एक सामायिक भाषा तयार होते, आणि "हात जरा असा घे" या मोघम सूचनेऐवजी "नऊशी तुझा हात शरीरापासून दूर जातो आहे" असे नेमके सांगता येते.

सुरुवात पायांपासून होते, हे पुष्कळदा विसरले जाते. मुलगी पट्टीवर उजवा पाय किंचित पुढे ठेवून उभी राहते, वजन क्षणभर मागे घेते आणि मग उजव्या पायाने पट्टीला रेटा देऊन डावे पाऊल होमप्लेटच्या दिशेने लांब टाकते. याच वेळी हात ३ वरून १२ कडे चढत असतो. डावे पाऊल जमिनीला टेकते ते हाताने १२ चा अंक ओलांडण्याच्या सुमारास. त्या क्षणी संपूर्ण शरीर तिसऱ्या बेसकडे तोंड करून, दार उघडावे तसे उघडलेले असते. डाव्या पायाचा चवडा सरळ पुढे नसून सुमारे अर्ध्या काटकोनात तिरपा असतो. आता डावा पाय खांबासारखा ताठर होतो आणि पुढे धावणारे शरीर त्यावर अडते. बैलगाडी एकाएकी थांबली की आतली पोती जशी पुढे सरकतात, तसा पायांचा व धडाचा वेग खांद्याकडे, खांद्याचा हाताकडे आणि हाताचा चेंडूकडे सरकत जातो. वेगाचा उगम येथे आहे. केवळ हात जोराने फिरवणारी मुलगी कितीही दणकट असली तरी तिला हा वेग लाभत नाही, आणि पायांनी जे काम करावयाचे ते तिचा खांदा करू लागतो.

धड या वेळी सरळ असावे. पुढे वाकलेल्या मुलीच्या हाताला खाली उतरण्यास वाट उरत नाही. मग तो शरीरापासून बाहेर जातो आणि चेंडूही बाहेर जातो. हात ९ वरून ६ कडे येताना कोपर किंचित दुमडलेले, सैल असावे. शेवटच्या क्षणी हाताचा आतील भाग कमरेच्या बाजूला हलकेच घासतो. हा स्पर्श ही चूक नव्हे. त्याने दंड थबकतो आणि पुढचा हात व मनगट चाबकाच्या टोकासारखे पुढे झेपावतात. चेंडू मांडीजवळून सुटतो. मागचा पाय तोवर जमिनीवरून चवड्याने रेघ ओढीत पुढे येतो.

चेंडू सुटल्यानंतर हाताचे काय करावे, याविषयी प्रशिक्षकांमध्ये मोठा मतभेद आहे आणि तो आपल्या शिक्षकांपर्यंतही आलेला दिसतो. जुनी शिकवण अशी की, ९ च्या अंकाशी तळहात मागे, दुसऱ्या बेसकडे वळवावा, चेंडू खालून पुढे ढकलावा आणि शेवटी कोपर दुमडून हनुवटीच्या उंचीला आणावे. नवी शिकवण अशी की, ९ शी तळहात बाहेर, तिसऱ्या बेसकडे असावा, चेंडू सुटताना पुढचा हात आपोआप आतल्या बाजूला वळावा आणि शेवट सैल, शरीरासमोर व्हावा. अव्वल दर्जाच्या पिचरांची चित्रफीत सावकाश चालवून पाहिली तर त्या स्वतः दुसऱ्या प्रकारे टाकताना दिसतात. त्यांच्यापैकी काहीजणी तोंडाने मात्र पहिला प्रकार शिकवतात, ही गंमत आहे. प्रस्तुत लेखकाचे मत नव्या शिकवणीच्या बाजूचे आहे. कोपर मुद्दाम वर ओढण्याची सवय लागली की चेंडू सुटण्यापूर्वीच हात आखडू लागतो. हातातील मोबाइल फोनवर सावकाश चित्रण करण्याची सोय आता बहुतेकांपाशी आहे. मुलीचे चित्रण तिसऱ्या बेसच्या बाजूने करून तिलाच दाखवावे. दहा सूचनांनी जे साधत नाही ते एका पाहण्याने साधते.

शिकवण्याचा क्रम उलटा ठेवावा, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिले काही दिवस भिंतीपासून दोनतीन मीटरवर उभे राहून, हात ९ वर ठेवून, केवळ चेंडू सोडण्याचा सराव. नंतर १२ पासून. नंतर पूर्ण फेरा, पण पाऊल न टाकता. पाऊल सर्वांत शेवटी, आणि अंतरही हळूहळू वाढवत. चेंडूच्या प्रकारांची घाई करू नये. सरळ वेगवान चेंडू आणि त्याच हालचालीतून येणारा मंद चेंडू, एवढी दोन अस्त्रे शालेय पातळीवर पुष्कळ होतात. खाली बुडणारा, वर चढल्यासारखा भासणारा वा वळणारा चेंडू यांसाठी मनगटाला व पुढच्या हाताला वेगळी पिळणी द्यावी लागते. मूळ हालचाल पक्की होण्याआधी ती दिली की दोन्ही बिघडतात.

मंद चेंडूचे महत्त्व आकड्यांत पाहावे. पिचरचे पाऊल लांब पडत असल्यामुळे चेंडू प्रत्यक्षात सुमारे ११.३ मीटर अंतरावरून सुटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४१ सेकंदात कापतो. एवढ्या अवधीत बॅटरने चेंडू ओळखावयाचा, ठरवावयाचे आणि बॅट फिरवावयाची. ताशी ७० किलोमीटरच्या चेंडूला तेच अंतर कापण्यास ०.५८ सेकंद लागतात. हात त्याच गतीने फिरला आणि चेंडू मात्र उशिरा आला, तर बॅट आधीच फिरून गेलेली असते. अंगात फारसा जोर नसलेली, परंतु चेंडूची गती बदलता येणारी मुलगी संघाला अधिक उपयोगी पडते ती यामुळेच.

खांद्यावर पडणारा भार

आता गोफणीकडे पुन्हा वळू. गोल फिरणारी वस्तू बाहेर निसटू पाहते आणि तिला केंद्राकडे ओढून धरावे लागते. ढोबळ हिशेब असा : चेंडू १९० ग्रॅमचा, हाताची लांबी ६० सेंटिमीटर आणि हाताच्या टोकाचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर एवढासा चेंडू धरून ठेवण्यास सुमारे ९ किलो वजनाइतकी ओढ लागते. चेंडूपेक्षा कितीतरी जड असलेला हात स्वतःही निसटू पाहत असतो, त्याची ओढ निराळी. गोफणीत हे सारे दोरी सोसते. येथे खांद्याचा सांधा, त्याभोवतीचे लहान स्नायू आणि दंडाचा पुढचा स्नायू सोसतात. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत विंडमिल पद्धतीचे जे मोजमाप झाले, त्यात हात खांद्यातून बाहेर ओढणारे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जात असल्याचे आढळले. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलीच्या खांद्याला प्रत्येक चेंडूगणिक सुमारे ३२ किलोचा हिसका बसतो. दंडाच्या पुढील स्नायूवर वरून चेंडू फेकण्यापेक्षा या पद्धतीत अधिक ताण येतो, हेही त्या अभ्यासांतून पुढे आले. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते अशी तक्रार पिचर मुली करतात, तिचे मूळ येथे आहे.

एका डावात सरासरी १५ चेंडू धरले तरी सात डावांचे १०५ होतात. नवशिक्या पिचरचा नेम चुकत असल्यामुळे तिला याहून अधिकच टाकावे लागतात. दिवसात दोन सामने म्हणजे २०० च्या वर. सामन्यापूर्वीच्या सरावाचे चेंडू यात धरलेले नाहीत.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी यासाठी वयोमानानुसार मर्यादा सुचविल्या आहेत. ८ ते १० वर्षे वयाच्या मुलींनी एका सामन्यात ५० व दिवसात ८०. १० ते १२ वर्षांच्या मुलींनी सामन्यात ६५ व दिवसात ९५. १३-१४ वर्षांच्या मुलींनी सामन्यात ८० व दिवसात ११५. त्यावरील वयाच्या मुलींनी सामन्यात १०० व दिवसात १४० पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे. लागोपाठ दोन दिवस टाकल्यावर १२ वर्षांपर्यंतच्या मुलींनी तिसऱ्या दिवशी एकही चेंडू टाकू नये, असेही ते सांगतात. या शिफारशी आहेत, खेळाचा नियम नव्हे. त्यामुळे अंपायर पिचरला थांबवणार नाही. थांबवावयाचे ते शिक्षकानेच.

याविरुद्ध एक उदाहरण नेहमी पुढे केले जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानची युकिको उएनो हिने २० ऑगस्ट रोजी दोन सामने पूर्णपणे टाकले. अमेरिकेविरुद्धचा सामना ९ डावांपर्यंत लांबला व जपान हरले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा १२ डावांपर्यंत गेला व जपान जिंकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तिने अमेरिकेला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. दोन दिवसांत तिने एकूण ४१३ चेंडू टाकले. तेरा वर्षांनी टोकियोच्या अंतिम सामन्यातही, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिने पुन्हा अमेरिकेविरुद्ध चेंडू टाकले आणि जपानने सुवर्णपदक राखले. हा पराक्रम अलौकिक आहे यात शंका नाही. परंतु उएनो त्या वेळी २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली आणि वर्षानुवर्षे त्याच कामासाठी घडविलेली खेळाडू होती. आठवीतल्या मुलीच्या हाडांची टोके अद्याप कूर्चेची असतात आणि तिच्या सरावाचे दिवस बहुधा स्पर्धेच्या तारखेआधीचे तीन आठवडे असतात. उएनोची गोष्ट मुलींना अवश्य सांगावी; तिसऱ्या सामन्यापूर्वी दुखऱ्या खांद्यावर बाम चोळताना मात्र सांगू नये.

शाळा व स्पर्धा यांच्या पातळीवर

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक संघात निदान दोन, शक्य तर तीन मुलींना पिचिंग शिकवावे. दुसरी पिचर पहिलीइतकी चांगली नसतेच, आणि तिला सामन्यात उतरवले की संघ हरण्याची भीती शिक्षकाला वाटते. पण तिला एकदाही उतरवले नाही तर ती कधीच चांगली होणार नाही, हा पेच प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. दुबळ्या संघाविरुद्धच्या सामन्यात मधले दोनतीन डाव तिला द्यावेत. स्लिंगशॉट पद्धत येथे कामास येते. विंडमिल पूर्णपणे न साधलेली मुलगी थोड्या सरावाने त्या पद्धतीत होमप्लेटवर नेमका चेंडू टाकू शकते.

गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक डावाखाली चेंडूंच्या संख्येसाठी एक रकाना आखावा. बाकावर बसलेल्या एखाद्या राखीव खेळाडूकडे हे काम सोपवले तरी चालते. तालुका व जिल्हा पातळीवरील स्पर्धा एका दिवसात उरकण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे प्रवासखर्च, मुक्कामाची सोय व मुलींची सुरक्षितता ही खरी कारणे आहेत. ती नाकारता येणार नाहीत. तथापि एकाच संघाचे दोन सामने लागोपाठ येऊ नयेत एवढी काळजी वेळापत्रक आखणाऱ्या अधिकाऱ्याला घेता येईल.

आता मैदान. ते ज्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तिच्या सदस्यांनी एक बाब पाहावी. पिचर प्लेटच्या पुढे, जेथे मुलींचा मागचा पाय घासत येतो आणि पुढचा पाय टेकतो, तेथे दोनतीन सामन्यांतच खळगा पडतो. त्या खळग्यात डावे पाऊल तिरपे पडले की घोटा वा गुडघा मुरगळतो, आणि पाय डळमळला की हिसका पुन्हा खांद्यालाच बसतो. पट्टीचा पृष्ठभाग जमिनीशी समतल असावा; ती रबराची वा लाकडाची चालते, पण सैल असून चालत नाही. पट्टीच्या पुढील दोन मीटर जागेत बारीक चाळलेला मुरूम व माती यांचे मिश्रण ओले करून चोपावे. प्रत्येक सामन्यानंतर एक घमेले माती, थोडे पाणी आणि धुमस घेऊन एका माणसाने पाच मिनिटे दिली की खळगा भरून निघतो. शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवावे, म्हणजे सकाळी पहिल्या सामन्याच्या वेळी जमीन घट्ट असते.